गोडात न धरलेलं पाणी

तारा काढल्या की प्रत्येक पेशंट पहिल्यांदा आरसा मागतो. मी तो लगेच देत नाही. आधी दोन ग्लास पाणी प्यायला लावते, अर्धा तास बाहेर बाकावर बसवते आणि मग देते. यावरून कुरबुर होते. दोन-दोन वर्षं तोंडात तार बाळगलेल्या माणसाला हा शेवटचा अर्धा तास सोसत नाही. कारण मात्र साधं आहे. तारा काढताना दात हवेने वाळवावे लागतात आणि वाळलेल्या दातावर पांढरे डाग असले तर ते आहेत त्याहून कितीतरी जास्त दिसतात. दात ओले झाले की डाग निम्मे उतरतात. अशी बरीच भांडणं मी पाण्याने विझवली आहेत.

उरलेली भांडणं खरी असतात.

भिलाईत दातांना तारा बसवायला लागून मला तेवीस वर्षं झाली. लोक मला तारवाली मॅडम म्हणतात. पेशंट जास्त करून बारा ते अठरा वयाचे. कुणी इथल्या पोलाद कारखान्याच्या, म्हणजे प्लांटच्या, सेक्टरमधल्या क्वार्टरांतून येतं, कुणी पद्मनाभपुरातून, कुणी बसने कुम्हारीहून. आईबाप विचारतात, दात सरळ किती दिवसांत होतील. डाग पडतील का, हे कुणी विचारत नाही. मी आपणहून सांगितलं तर ऐकल्यासारखं करतात.

म्हणून आधी डागाबद्दल थोडं. तार लावताना प्रत्येक दातावर एक छोटा चौकोनी तुकडा चिकटवतात, त्याला ब्रॅकेट म्हणतात. त्याच्या कडेला अन्न अडकतं. तोंडातले जंतू त्यातलं गोड खातात आणि आम्ल सोडतात. ते आम्ल दाताच्या वरच्या थरातले क्षार विरघळवतं. ओल धरलेली भिंत पाहिली असेल. वरचा रंगाचा पापुद्रा शाबूत दिसतो, आतला चुना मोकळा झालेला असतो. पांढरा डाग तसाच. तो दाताला बाहेरून काही लागलेलं नसतं, आतून काहीतरी निघून गेलेलं असतं. म्हणून तो घासून जात नाही. घासणाऱ्यांनी पुष्कळ घासून पाहिलं आहे.

ब्रॅकेटच्या खालचा दात झाकलेला असतो, त्याला काही होत नाही. त्यामुळे ब्रॅकेट निघालं की भिंतीवरून फोटोची चौकट उतरवल्यावर उरतो तसा एक स्वच्छ चौकोन दिसतो आणि भोवती पांढरी किनार. दात सरळ, रांग देखणी, आणि प्रत्येक दाताला किनार. चौदा वर्षांच्या पोराला हे दाखवायचं काम मला कधी जमलं नाही.

निसर्गाने यावर लाळ दिली आहे. लाळ आम्ल धुते आणि गेलेले क्षार थोडे थोडे परत भरते. पण तिला वेळ लागतो. एकदा गोड-आंबट तोंडात गेलं की सगळं जागेवर यायला साधारण अर्धा तास. म्हणून किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं. जेवणावर एक गुलाबजाम खा, माझी हरकत नाही. त्याच गुलाबजामचे दहा तुकडे करून दिवसभर खाल्लेत तर दिवसभर दात भिजत पडतात. बाकी बचाव सगळ्यांना ठाऊक असतो. फ्लोराइडची पेस्ट, दोन वेळा सावकाश ब्रश, पेस्ट थुंकायची पण खळखळून चुळा भरायच्या नाहीत, आणि आमच्याकडे आलात की आम्ही ब्रॅकेटभोवती फ्लोराइडचं वार्निश लावतो. मी हे दिवसातून दहादा सांगते. माझ्या नवऱ्याला पाठ झालं आहे.

तारा लावण्याआधी मी फोटो काढते, ही सवय मला एका मामाने लावली. कुम्हारीच्या एका कारखान्यात काम करणारा तरुण तारा काढून गेला आणि आठव्या दिवशी मामाला घेऊन आला. मामांचं म्हणणं, तुमच्या गोंदाने पोराच्या दातावर डाग पडले. नशिबाने त्याचा जुना फोटो होता. त्यात डाग स्पष्ट होते, लहानपणापासूनचे. त्याच्या गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त होतं, त्याचे. पेस्टमधलं फ्लोराइड दात राखतं, पण लहानपणी पोटात जास्त गेलं की तेच डाग पाडतं. मामांनी फोटो खिडकीजवळ नेऊन पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "आधी दातच वाकडे होते मॅडम. डागाकडे कोण पाहते?" मी फोटो परत घेतला. दोघांना चहा पाजला.

पण जी केस मला अजून टोचते, तिच्यात फोटो होते, कार्ड होतं, सगळं जागच्या जागी होतं आणि माझ्याच अक्षरात होतं.

रुचिका कापगते आली तेव्हा पंधराची होती. उंच, हातपाय लांब, बास्केटबॉल खेळणारी. सोबत वडील. कापगते प्लांटमध्ये कोक ओव्हनला, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर. मूळचे साकोलीकडचे. माझे वडील त्याच बाजूच्या तिरोड्याकडचे, प्लांटच्याच रोलिंग मिलमधून रिटायर झाले. त्यामुळे कापगते मला मॅडम म्हणत, पण बोलत घरच्यासारखं.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारते ते प्रश्न विचारले. चॉकलेट खातेस का?

"नाही."

"बिस्किटं? टॉफी?"

"नाही मॅडम."

"कोल्ड ड्रिंक, सरबत?"

कापगते मध्येच बोलले. "आमच्या घरात ते येतच नाही. कोच सर मना करते, अन् मीही मना करतो. ह्या सीझनले स्टेटच्या सिलेक्शनमधी आहे पोरगी."

"ब्रश?"

"दो बार," रुचिका म्हणाली. "आता तार लागल्यावर चार बार करीन."

मी तेव्हा मनातल्या मनात हसले. असं सगळेच म्हणतात.

दिवाळीनंतर तारा लागल्या. हिवाळाभर काही तक्रार नाही. दर पाच-सहा आठवड्यांनी यायची, खुर्चीत बसायची, कामापुरतं बोलायची. एप्रिलच्या शेवटी आली तेव्हा मी हवेने दात वाळवले आणि थांबले. वरच्या चार दातांवर, ब्रॅकेट आणि हिरडी यांच्या मधल्या पट्टीत, खडूने काढावी तशी पांढरी कोर. मागच्या खेपेला तिथे काही नव्हतं.

"रुचिका, ब्रश कधीपासून बंद आहे?"

"बंद नाही मॅडम. चार बार करते."

"मग हे काय आहे?"

तिने माझ्या हातातल्या छोट्या आरशात पाहिलं. "मुझे नहीं पता. पण करते मी."

बाहेर सहा पेशंट थांबलेले होते. मी कापगत्यांना आत बोलावलं आणि तिच्यासमोर सांगितलं, "दात खोटं बोलत नाहीत. ही ब्रश करत नाही. असंच चाललं तर दात सरळ व्हायच्या आधीच तारा काढाव्या लागतील."

कापगते पोरीकडे वळले. "कावून गं? घरी तर चार-चार बार सांगते आमाले."

"पप्पा, करते मी."

"मॅडम सांगून राहिल्या ना."

"मॅडमला नाही माहीत. मी करते."

"ग्राऊंडवर दोन-दोन घंटे भेटते तुले, अन् ब्रशले पाच मिनिटं भेटत नाही. बंद. दात सुधरत नाही तोवर ग्राऊंड बंद."

मी मध्ये पडले नाही. खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं. थोडा वचक बसेल, असं वाटलं. वार्निश लावलं, कार्डावर दोन ओळी लिहिल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

जूनच्या मध्यावर दोघं परत आली. कापगते खुशीत होते. मी दात वाळवून पाहिले. एकही नवा डाग नव्हता. जुन्यांचा खडूसारखा खरखरीतपणा जाऊन त्यांच्यावर चकाकी आली होती. डाग वाढायचा थांबला की असं दिसतं.

"पाहा मॅडम," कापगते म्हणाले, "ग्राऊंड बंद केलं अन् ब्रश सुरू झाला. औषध लागू पडलं."

रुचिका छताकडे पाहत होती.

मी कार्ड ओढलं आणि सवयीने लिहिलं, 'नवे डाग नाहीत. हिरड्या निरोगी.' लिहिताना वरच्या ओळीवर नजर गेली. एप्रिलची ओळ. माझंच अक्षर. 'चार दातांवर नवे डाग. हिरड्या निरोगी.'

बाहेरच्या माणसाला यात काही खटकणार नाही. आमच्या धंद्यातल्या कुणालाही खटकायला हवं. जो माणूस ब्रश करत नाही त्याच्या हिरड्या आधी सुजतात. तार असेल तर जास्तच. लाल होतात, फुगतात, नुसता हात लावला तरी रक्त येतं. एप्रिलमध्ये मी या पोरीच्या हिरड्या पाहिल्या होत्या, निरोगी आहेत असं लिहिलंही होतं आणि त्याच मिनिटाला तिला खोटारडी ठरवलं होतं. हाताने एक लिहिलं आणि तोंडाने दुसरं बोलले.

म्हणजे ब्रश तेव्हाही होता आणि आताही होता. वार्निशने थोडा फरक पडला असेल, ते मी नाकारत नाही. पण डाग मुळात सुरू कशाने झाले, हे वार्निश सांगत नव्हतं. मधल्या काळात बदललं होतं एकच, ग्राऊंड.

मी कापगत्यांना म्हटलं, पाच मिनिटं बाहेर बसता का. ते गेले.

"रुचिका, ग्राऊंड बंद झाल्यावर आणखी काय काय बंद झालं?"

तिला वाटलं मी टोमणा मारते आहे. ती म्हणाली, "सगळंच. सुबह उठणं बंद. सहेल्या बंद. बोतल बंद."

"कसली बोतल?"

"पप्पावाली. ग्लुकोजवाली."

मग सगळं बाहेर आलं. होळी झाली, ऊन वाढलं की कापगते तिला दीड लिटरची बाटली भरून देत. ग्लुकोज, लिंबू, मीठ. बाटलीवर बाहेरून ऑइल पेंटच्या आठ रेघा मारलेल्या. पंधरा मिनिटांत एक रेघ खाली यायला पाहिजे, तीही एका दमात नाही, घोट घोट. कोक ओव्हनच्या बॅटरीवर, म्हणजे भट्ट्यांच्या रांगेवर, नव्या माणसाला हेच शिकवतात. तहान लागायची वाट पाहायची नाही. ग्राऊंडवर दोन तास, आठ रेघा. पोरगी कामात चोख, एक रेघ चुकवायची नाही. उरलंसुरलं सायकलवरून घरी येताना.

"अगं, मी तुला पहिल्या दिवशी विचारलं होतं ना, गोड काय काय घेतेस. सरबतही विचारलं होतं."

"ते गोड थोडी आहे मॅडम," ती म्हणाली. "ते तर ग्लुकोज आहे."

दुसरी कुणी डॉक्टर असती तर हसली असती. मला हसू आलं नाही. आमच्याही घरी ग्लुकोजचा डबा साखरेच्या डब्याशेजारी नसायचा. तो वरच्या फळीवर, थर्मामीटर आणि पोटदुखीच्या गोळ्यांच्या शेजारी असायचा. वडील मिलमधून आले की आई तेच पाणी करून द्यायची आणि आम्हा भावंडांना त्यातला घोट मिळाला तर तो औषधाचा घोट म्हणून मिळायचा. प्लांटच्या घरांत ग्लुकोज गोडात धरत नाहीत. ते लूवरचं, ऊन लागल्यावरचं औषध. मी त्याच घरांत वाढले, म्हणून माझ्या प्रश्नांच्या यादीतही ते नव्हतं. रुचिकाने खरं उत्तर दिलं होतं. प्रश्न माझा अपुरा होता.

आणि दाताच्या बाजूने पाहिलं तर याहून वाईट काही सुचणार नाही. धावून धावून तोंड कोरडं, म्हणजे लाळ आधीच कमी. त्यात साखर, त्यात लिंबाचं आम्ल, आणि ते दर दोन-तीन मिनिटांनी एक घोट. लाळेला डोकं वर काढायला फुरसत नाही. चारदाच काय, दहादा ब्रश केला असता तरी डाग पडले असते.

"ट्रायल कधी आहे?"

"अकरा दिवसांनी."

तिने ते दुसऱ्या कुणाच्या ट्रायलबद्दल बोलावं तसं सांगितलं.

त्या क्षणी मला एक सोपी वाट दिसत होती, हे लपवण्यात अर्थ नाही. बाप खूश होता. डाग थांबले होते. माझा शब्द खरा ठरल्यासारखा दिसत होता. जाता जाता 'ती बाटलीही बंदच ठेवा' एवढं म्हटलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. फक्त पोरगी खोटारडी राहिली असती आणि ग्राऊंड बंद राहिलं असतं. मी कापगत्यांना आत बोलावलं.

"मी एप्रिलमध्ये चुकीचं सांगितलं," मी म्हटलं. "रुचिका ब्रश करत होती. नीट करत होती. डाग बाटलीने पडले."

कापगते उभेच होते. "कोणती बाटली?"

"ग्लुकोजची."

त्यांना समजायला वेळ लागला. मग स्टुलावर बसले. "मीच भरून देतो मॅडम ती. रोज, माझ्या हातानं."

"माहीत आहे. आमच्याकडेही व्हायचं ते पाणी. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही."

"आमच्या बॅटरीवर एक पोरगा पडला होता," ते म्हणाले. "नवीन होता. तहान लागली नाही म्हणे, म्हणून प्याला नाही. दोघांनी उचलून नेला, तवा त्याचे डोये पांढरे होते. वाचला तो. पण मी पाहिलं ना ते. हिले उन्हात खेळताना पाहतो तं मले तोच दिसते." मग म्हणाले, "म्हंजे मी इख देऊन राहिलो होतो का तिले?"

"विष कसलं? तुमच्या बॅटरीवर ते औषधच आहे. तिच्या दातांना तार आहे, म्हणून तिला चालत नाही."

ते पोरीकडे वळले. माफी वगैरे मागण्याची आमच्याकडे रीत नाही. "मंग तू बोलली कावून नाही?"

"बोलली ना पप्पा," रुचिका म्हणाली. "तीन बार बोलली. तुम्ही मॅडमचं ऐकलं." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "अन् मॅडमनं कोणाचंच नाही ऐकलं."

कापगते तिला दटावायला गेले, मी हाताने थांबवलं. बरोबरच होतं ते.

मग आम्ही तिघांनी बसून पाण्याचं काय करायचं ते ठरवलं. उन्हाचं माझं ज्ञान ऐकीव, म्हणून ओळखीच्या फिजिशियनला तिथूनच फोन लावला. त्यांनी सांगितलं, दोन तासांच्या सरावाला साधं पाणी पुरतं, मीठ घरच्या जेवणातून मिळतं, घोट घोट प्यायचं ते साधंच प्या. फार ऊन झालं आणि ग्लुकोज द्यायचंच असलं तर सराव संपल्यावर एका बैठकीत पिऊन टाकायचं आणि वरून साध्या पाण्याने तोंड धुवायचं. कापगत्यांनी प्रत्येक वाक्य परत म्हणून घेतलं, शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला काम समजावतात तसं. "म्हंजे रेघा तशाच ठेवतो," ते म्हणाले, "पाणी बदलतो."

निघताना रुचिका दारात थांबली. "मॅडम, लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"की मी ब्रश करते. पप्पानं कोच सरला सांगितलं आहे की झूठ बोलते म्हणून बंद केलं. सगळ्या टीमला माहीत आहे."

हे मला माहीत नव्हतं. सहा आठवडे ती पोरगी नुसती घरी बसली नव्हती, खोटारडी म्हणून घरी बसली होती.

मी लेटरहेड घेतलं आणि लिहिलं. डॉक्टर लिहितात तसंच लिहिलं. दातांवरील डाग आहारातील विशिष्ट पेयामुळे झाल्याचं तपासणीत आढळलं, खेळण्यास हरकत नाही. तिने वाचलं आणि कागद परत दिला.

"यात माझ्याबद्दल कुठे आहे?"

दुसरा कागद घेतला. 'रुचिका रोज नीट ब्रश करते. ती करत नाही असं मी तिच्या वडिलांना सांगितलं होतं. ते चुकीचं होतं. चूक माझी आहे.' खाली सही, शिक्का. तेवीस वर्षांत मी हजारो कागदांवर सह्या केल्या असतील. एवढी सावकाश सही कधी केलेली आठवत नाही. तिने घडी घालून बापाच्या खिशात ठेवला, स्वतःच्या नाही. कोचला कागद त्यांनीच दाखवायला हवा होता, हे तिला बरोबर समजलं होतं.

अकरा दिवसांत सहा आठवडे भरून निघत नाहीत. तिची निवड झाली नाही. जुलैमध्ये कापगत्यांनी सांगितलं, दम टिकला नाही, शेवटच्या दहा मिनिटांत पाय जड झाले. त्या वयोगटातलं तिचं ते शेवटचं वर्ष होतं, पुढच्या वर्षी वयात बसत नव्हती. सांगताना त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल तक्रार नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं.

दातांचं म्हणाल तर उरलेल्या वर्षभरात एक डाग वाढला नाही. तारा निघाल्यावर लगेच काही करायचं नाही, हा माझा नियम. पुढच्या दातावरच्या डागावर घाईने जोरदार फ्लोराइड लावलं तर वरचा थर बंद होतो आणि पांढरेपणा आत कोंडला जातो. लाळेला तिचं काम करू द्यायचं, घरी साधी पेस्ट, रात्री क्षारांचं क्रीम. सहा महिन्यांत चारांतले दोन डाग जवळजवळ दिसेनासे झाले. उरलेल्या दोनांत मी पातळ राळ जिरवली. डागातल्या पोकळ जागा ती भरून काढते आणि डाग बाजूच्या दातात मिसळून जातो. तासाभराचं काम, दुखत नाही. ओळखू येत नाही आता. रुचिका कॉलेजच्या टीममध्ये खेळते. चांगली खेळते असं ऐकते. राज्याच्या टीममधून खेळली नाही.

त्या वर्षापासून मी 'गोड काय खातोस' हा प्रश्न सोडून दिला. आता विचारते, दिवसभरात तोंडात काय काय जातं, औषधासकट. उत्तरं ऐकून मला रोज नवं काही कळतं. रायपूरला बसने जाणारी एक मुलगी कुम्हारीपासून उतरेपर्यंत आंबटगोड गोळी चघळायची. मळमळीवरचं औषध. पद्मनाभपुरातला एक मुलगा दिवसातून सहा वेळा मधाचं बोट. खोकल्याचं औषध. उतईची एक तरुण शिक्षिका सकाळ, दुपार, संध्याकाळ तारांवरून गुडाखू घासायची. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा लगदा, इकडे त्याने दात घासतात. मी म्हटलं, अहो, गूळ आहे त्यात. त्या म्हणाल्या, "मैडम, वो तो मंजन है." कुणीच खोटं बोलत नाही. प्रत्येक घरात एक वरची फळी असते आणि तिच्यावरचं काही गोडात मोजलं जात नाही.

गेल्या हिवाळ्यात रुचिका एका मुलीला घेऊन आली. मानसी, तेरा वर्षांची, रुचिका सुट्टीत घरी आली की ग्राऊंडवर हिला शिकवते. तारा मीच लावलेल्या. दोन खेपा चुकवून आली होती. रुचिकाच तिला ओढून घेऊन आली असावी. मी दात वाळवले. मागच्या बाजूला, दाढांकडे, नवे डाग. या वेळी हिरड्याही सुजलेल्या, नुसती काडी लावली तर रक्त.

रुचिका दाराला टेकून उभी होती. "मॅडम, आधी विचारा."

विचारलं. बाटलीत साधं पाणी, हे रुचिकाने स्वतः पिऊन पाहिलेलं होतं. गोळी नाही, मध नाही.

"ब्रश करतेस?"

"करते," मानसी म्हणाली.

"मानसी," रुचिका म्हणाली.

"रोज नाही करत."

माझं निदान बरोबर निघालं होतं. मी हातमोजे काढायला लागले आणि ब्रश न केल्याने काय होतं ते सांगायला सुरुवात केली.

"कावून नाही करत, ते बी विचारा ना," रुचिका म्हणाली.

"का करत नाहीस गं?"

मानसीने बोटाने गाल ओढून दाखवला. उजवीकडे, अगदी शेवटच्या दाढेमागे, तारेचं टोक बाहेर आलं होतं. दात सरकले की तार मागून निघते, हे आमचं नेहमीचं, म्हणून लावतानाच टोक वाकवून ठेवायचं असतं. ब्रश तिथे नेला की गाल टोकावर दाबला जायचा. आत जखम होती, जुनी, कडा कडक झालेल्या.

"किती दिवसांपासून टोचतंय?"

"दोन महिने झाले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तार आहे म्हटल्यावर टोचतेच."

मी मोजे परत चढवले, कटर घेतला आणि टोक कापलं. एवढुसा तुकडा, तांदळाच्या कणीएवढा. मानसीने जीभ नेऊन पाहिली, परत नेऊन पाहिली.

मी कार्ड ओढलं आणि लिहिलं, 'मागची तार टोचत होती, म्हणून ब्रश बंद. लावताना टोक वाकवलं नव्हतं. चूक माझी.' रुचिका जवळ आली, माझ्या खांद्यावरून वाकून तिने ती ओळ शेवटपर्यंत वाचली आणि मग बाहेर बाकावर जाऊन बसली.